पोरीचं ताट

१

फॅक्टरीची बस कॉलनीच्या चौकात सोडून गेली की सेवकराम आपल्या क्वार्टरच्या फाटकापाशीच बूट काढत असे. पूर्वी तो दारात काढायचा. पण दारात बूट काढायचे म्हणजे भिंतीला हात टेकावा लागे, हात टेकला की दाराची कडी हले, आणि कडीचा आवाज आतल्या खोलीत जाई. आतल्या खोलीत टीना अभ्यास करत होती. म्हणून बूट फाटकापाशी. नुसत्या मोज्यांनी अंगण ओलांडून तो हलकेच घरात शिरे आणि स्वयंपाकघरातल्या उषाकडे बघून भुवया उंचावी. उषा आतल्या दाराकडे मान करून डोळे मिटी. चालू आहे, असा त्याचा अर्थ. मग दोघांचाही जीव भांड्यात पडे.

टीना त्यांची एकुलती एक. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, प्रार्थना करकरून झालेली. मागच्या वर्षी तिचा मेडिकलचा प्रवेश थोडक्यात हुकला आणि तेव्हापासून या घरानं श्वास रोखून धरला होता. टीव्ही शेजारच्या भैय्यालालकडे गेला. दारावरच्या घंटीची तार उषानं स्वतः कापली. कुकर माळ्यावर चढला आणि वरण पातेल्यात शिजू लागलं, कारण कुकरला शिट्टी असते. बोलणं कमी होत होत खुणांवर आलं. पाली तेवढ्या कुणाचं ऐकत नव्हत्या. त्या चुकचुकल्या की उषा छताकडे बघून ओठांवर बोट ठेवी.

बुधवारची गृहसभाही गेली. जवाहरनगरातली मोजकी ख्रिस्ती कुटुंबं दर बुधवारी संध्याकाळी सेवकरामच्या बैठकीत जमत, ढोलकीवर गीतं होत, आणि सगळ्यांच्या वर टीनाचा आवाज लागे. यंदा सेवकरामनंच पास्टर मनिषना सांगितलं, की सभा दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा. पास्टरांनी कारण विचारलं नाही, नुसतं त्याच्याकडे पाहिलं. "देव समजून घेते," सेवकराम म्हणाला. ते खरंही होतं. देव समजूनच घेतो.

राहिली ती नवरा-बायकोची रोजची प्रार्थना, ती ओठांतल्या ओठांत होई. आधी कुणी कुठं बसायचं याला काही धरबंध नव्हता. एक खाटेवर, एक चौकटीत. आता दोघं सतरंजी टाकून आतल्या खोलीच्या बंद दारासमोर बसत. तसं कुणी ठरवलं नव्हतं. एका संध्याकाळी डोळे उघडताना सेवकरामच्या लक्षात आलं, की आपण दाराकडे तोंड करून गुडघे टेकले आहेत आणि फटीतून येणारा टेबलदिव्याचा उजेड उषाच्या पदरावर पडला आहे. त्याला जरा चमत्कारिक वाटलं. पण टीनासाठीच तर मागतो आहोत, मग तोंड तिच्याकडे असलं म्हणून काय बिघडलं, असं म्हणून तो उठला.

२

खरं तर असल्या गोष्टी सेवकरामच्या नजरेतून सुटत नसत. पवनीच्या पुढं त्याचं गाव, घरची धानाची शेती, घरात पितळेचे देव. फॅक्टरीत लागल्यावर एका मोठ्या दुखण्यात काही विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती, माणसं त्याच्या उशाशी प्रार्थना करत बसून राहिली, आणि बरा होऊन उठला तो प्रभूचा होऊन. त्यानं आणि उषानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याची आई चंद्रभागाबाई क्वार्टरातले देव पदरात बांधून गावी घेऊन गेली. रडली नाही, भांडली नाही. तुले जड झाले तं माया घरी राहातीन, एवढंच म्हणाली. पुढं सेवकराम कारध्याच्या ख्रिस्ती मंडळीत पंच झाला, आणि वर्षातून एकदा, नव्या पिकाचा पहिला वाटा देवाला देतात त्या पहिल्या फळाच्या रविवारी, उपदेशाला उभा राहू लागला.

त्याचा उपदेश दरवर्षी एकच असे आणि तरी लोक वाट पाहत. मूर्ती म्हणजे दगडच असतो असं नाही, तो सांगे. ज्याच्यासाठी तुम्ही बाकी सगळं बाजूला सारता, ज्याच्या धाकानं घर उठतं आणि बसतं, जे गेलं तर आपलं काही उरणार नाही असं वाटतं, ती तुमची मूर्ती. मग तो झोपेतून उठल्या उठल्या उशाखाली मोबाईल चाचपणाऱ्याची नक्कल करी. नवी गाडी रोज मऊ फडक्यानं पुसणाऱ्याची करी. साहेबाच्या केबिनबाहेर पोट आत ओढून उभं राहणाऱ्याची करी. लोक पोट धरून हसत, आणि मग ज्याचं त्याला आठवून गप्प होत. या नकलांत लेकरं कधी आली नव्हती. लेकराची माया देवानंच दिलेली, तिच्यात काय शोधायचं?

इकडे टीनाचे मार्क वाढत होते. दर रविवारी क्लासची ऑनलाइन टेस्ट असे, म्हणून ती मंडळीत येत नसे. संध्याकाळी बापाच्या फोनवर मार्क येत. एकदाही ते खाली आले नाहीत. उषा फोन दोन्ही हातांत धरून वाची आणि वाचून झाल्यावर क्षणभर कपाळाला लावी.

एक दिवस भैय्यालाल दबकत दबकत आला. तो शेजारीच राहायचा, फॅक्टरीत याच्याच सेक्शनला होता. त्याच्या पोरीचा, गुड्डीचा, दहावीचा सराव पेपर होता. गुड्डीचा पेन घटकाभर टीनाच्या टेबलावर ठेवून मिळेल का, असं त्यानं कुजबुजत विचारलं. उषा पेन आत घेऊन गेली, थोड्या वेळानं परत घेऊन आली. भैय्यालालनं तो ओंजळीत घेतला आणि दाराकडे बघून मान लववली. सेवकरामला हसू आलं. खोटं कशाला सांगा, त्याची छातीही फुगली.

भैय्यालाल गेल्यावर मात्र त्याच्या मनात आलं, की पेनसुद्धा आत जाऊन आला, आपण पोरीला शेवटचं कधी पाहिलं? दसऱ्याच्या सुमारास ती दारात येऊन उभी होती. बाबा, तलावावर फिरून येऊ का, म्हणाली होती. आणि तो म्हणाला होता, टेस्ट होऊ दे, मग जा. त्यानंतर तिला पाहिल्याचं आठवेना. त्याची ड्युटी पहाटेची, वर ओव्हरटाइम. तिच्या खोलीला मागच्या अंगणातलं न्हाणीघर लागूनच. तुमी ड्युटीवर असता तवा येते ना बाहेर, विचारल्यावर उषा म्हणाली. हे पटण्यासारखं होतं, आणि त्यानं ते पटवून घेतलं.

३

धान निघाला तशी चंद्रभागाबाई नवे तांदूळ घेऊन आली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, भंडाऱ्याला दाखवायचं होतं, म्हणून थोडे दिवस मुक्काम. फाटकापासूनच तिला गप्प करण्यात आलं. नात कोठी आहे, तिनं विचारलं. अभ्यासाले आहे, उषा ओठांवर बोट ठेवून म्हणाली. म्हातारीला वाटलं, पोरगी कुठं नागपूरकडे होस्टेलात असेल.

नव्या तांदळाचा सेवकरामच्या घरी एक नेम होता. गावी पहिला भात देवाला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नसे. देव बदलला तरी सेवकरामनं नेम सोडला नव्हता. पहिली पायली पांढऱ्या फडक्यात बांधून कारध्याला जायची, पहिल्या फळाच्या रविवारी प्रभूच्या मेजावर ठेवायची, आणि मगच घरात नवा भात शिजायचा. तोवर त्यातला दाणाही कुणी चाखत नसे. टीना लहान असताना एकदा तिनं कच्चे दाणे तोंडात टाकले होते, तर हसत हसत का होईना, त्यानं ते थुंकायला लावले होते.

त्या संध्याकाळी तो बसमधून उतरला, बूट काढले, आणि अंगणातच त्याला वास आला. नव्या भाताचा वास लपत नाही. तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. पातेल्याचं झाकण अर्धवट होतं आणि उषा ताटात भाताची मूद पाडत होती.

"रविवार झाला नाई अजून," तो म्हणाला.

"देवाले पोट नाई," उषा शांतपणे म्हणाली. "पोरीले ताकद पायजे. देव समजून घेते, तुमीच तं मनता."

त्याला राग यायला हवा होता. आला नाही. तिच्या बोलण्यात तथ्य आहे असंच त्याला वाटलं, आणि याची भीती पुष्कळ उशिरा वाटली. उषानं ताट झाकलं, पदर डोक्यावरून घेतला, दार जेमतेम अंगापुरतं उघडून आत गेली आणि दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं ताट घेऊन बाहेर आली. मूद जशीच्या तशी होती, तिच्यावर बोटाचा ठसा नव्हता.

"जेवली नाई?"

"जेवली ना. तिले येवढंच लागते."

अन्न टाकायचं नाही म्हणून उषानं तोच भात तिघांच्या ताटांत वाढला. सेवकरामनं पहिला घास घेतला आणि चावत राहिला. ज्या भाताचा वास त्याला अंगणात आला होता, त्याला आता वासच नव्हता. चवही नव्हती. मीठ घातलं, लोणचं घेतलं. लोणचं लागलं, भात लागला नाही. सर्दी झाली असेल. फॅक्टरीतल्या धुरानं नाक बंद झालं असेल. त्यानं उषाकडे पाहिलं. ती डोळे मिटून, सावकाश, फार समाधानानं जेवत होती. म्हातारीनं एक घास घेऊन ताट बाजूला सारलं होतं.

४

सेवकरामची सुटी होती त्या सकाळी तो अंगणात दाढी करत बसला होता. आरशात त्याला मागची बैठक दिसत होती. उषानं नुकतंच ताट आत नेऊन बाहेर आणलं होतं. चंद्रभागाबाई आंघोळ करून, ओल्या केसांनी, चाचपडत आतल्या खोलीच्या दारापाशी आली. तिच्या हातात अंगणातलं झेंडूचं फूल होतं. तिनं ते उंबऱ्यावर ठेवलं, पदर सावरला आणि वाकून डोकं टेकलं.

तो साबण लागलेल्या गालानं आत धावला.

"आई, हे काय करून राहिली तू?"

"नमस्कार केला," म्हातारी म्हणाली. तिला त्याच्या घाईचं नवल वाटलं. "तुमचा देव दिसत नाई मनतेत. पन घरी आली तं त्याले भेटावं लागते ना, बाबू. बरं केलं तू. घरात देवाले जागा असावी."

"आई, तिथं देव नाई. अंदर टीना आहे."

ती दाराकडे वळून बघत राहिली. मोतीबिंदूच्या डोळ्यांना काय दिसत होतं कोण जाणे. मग तिनं स्वयंपाकघराकडे पाहिलं, जिथं झाकलेलं ताट ओट्यावर होतं.

"टीना अंदर आहे? मी आली तवापासून?"

"हो ना."

"मंग तिचं ताट कोनतं?"

त्याला प्रश्न कळला नाही.

"आता नेलं अन् आता आनलं, ते तं देवाचं ताट," ती सावकाश, लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली. "देव वास घेते, ताट माघारी येते, मंग घरचे जेवतेत. मी जलमभर तेच केलं. पोरीचं ताट कोनतं हाय ते सांग. ते कवा जाते?"

स्वयंपाकघरात उषाच्या हातातलं भांडं थांबलं. सेवकरामनं तिकडे पाहिलं. जेवते ना ती, असं उषा आतून म्हणाली, पण बाहेर आली नाही.

डोळे न दाखवताच चंद्रभागाबाई दुपारच्या गाडीनं गावी गेली. सेवकराम तिला पवनीच्या बसमध्ये बसवायला गेला. पोरगी अभ्यासू आहे, खाणं कमी असतं अशा मुलींचं, तो सांगत राहिला. म्हातारी खिडकीतून बाहेर बघत ऐकत होती. बस सुटता सुटता तिनं त्याचा हात धरला.

"आमच्या घरचे देव पितळेचे हायेत, बाबू," ती म्हणाली. "त्यायले भूक नाई लागत."

५

दुसऱ्या दिवशी तो अर्धी रजा टाकून दुपारीच घरी आला. उषा बाजाराला गेली होती. इतक्या दिवसांत प्रथमच तो आणि ती खोली, दोघंच घरात होते.

तो सतरंजीवर बसला आणि कान दिला. आत पान उलटल्याचा आवाज आला. त्याला एकदम बरं वाटलं. मग थोड्या वेळानं पुन्हा पान उलटलं, आणि पुन्हा. कितीतरी वेळ तो ते ऐकत राहिला. हळूहळू त्याला त्या आवाजातलं काहीतरी खुपू लागलं. वाचणारं माणूस एखाद्या पानावर रेंगाळतं, एखादं भराभर उलटतं, मागं जातं, खोकतं, खुर्ची सरकवतं. इथं तसं काही नव्हतं. पान उलटे, तेवढाच वेळ जाई, पान उलटे. त्याचा स्वतःचा श्वास त्याच तालात पडला होता. खिडकीचा पडदा वाऱ्यानं टेबलावरच्या कागदावर घासत असेल, तर असाच आवाज होईल. पण वारा नव्हता.

तो मागच्या अंगणात गेला. टीनाच्या खोलीची खिडकी आतून कागद लावून झाकलेली होती. तो कागद त्यानंच आणून दिला होता. न्हाणीघराचं दार ढकललं. फरशी कोरडी ठणठणीत होती. साबणाला भेगा पडल्या होत्या. दोरीवरचा टॉवेल हातात घेतला तर घडी होती तशीच ताठ राहिली. थंडीचे दिवस, पोरी आंघोळीला कंटाळतात, असं त्याच्या मनानं लगेच सांगितलं. आपलं मन किती तत्परतेनं कारणं पुरवतं याचा त्याला त्या घडीला वीट आला.

तो परत दारापाशी आला. "टीना," त्यानं हाक मारली.

रोज संध्याकाळी प्रार्थनेनंतर तो हलकेच अशी एक हाक मारी आणि आतून "हं" येई. तेवढ्यानं त्याचा दिवस भरून पावे. आज "हं" आला नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. पान उलटलं.

हात दाराच्या मुठीवर गेला. मूठ फिरवायला काय लागतं? पण रविवारी टेस्ट होती. आत्ता लक्ष विचलित झालं, मार्क घसरले, आणि ते आपल्यामुळे, हे त्याला सोसवेना. हात आपोआप खाली आला.

उषा पिशव्या घेऊन आली तेव्हा तो तिथंच बसून होता. ती सतरंजीच्या कडेला टेकली. काही विचार न करता त्यानं पुन्हा, हळूच, हाक मारली.

"हं," असं आलं.

ते आलं तेव्हा तो उषाकडे बघत होता. तिचे ओठ हलले होते. आवाज पोरीचाच होता, पण ओठ हिचे हलले होते. तिचे डोळे दारावर होते, चेहऱ्यावर ऐकणाऱ्याचं कौतुक होतं.

"आयकलं?" ती हरखून म्हणाली. "मले वाटलं आज बोलत नाई का काय."

ती लबाडी करत नव्हती. तिला ठाऊकच नव्हतं. आणि त्याहून वाईट गोष्ट ही, की आता आजवरच्या हाकांतला एकही "हं" त्याला खात्रीनं पोरीचा म्हणता येईना.

६

पहिल्या फळाच्या रविवारी तो उरलेल्या तांदळाची पायली पांढऱ्या फडक्यात बांधून कारध्याला गेला. उषा आली नाही. घरी टेस्ट होती. वैनगंगेच्या पुलावर धुकं होतं आणि त्यातून नदी नुसती ऐकू येत होती.

मंडळीचा हॉल भरलेला. मेजावर धानाच्या पेंढ्या, वांगी, कोहळे, शिंगाडे, कुणाची जिवंत कोंबडी पाय बांधून. त्यानं आपलं गाठोडं मधोमध ठेवलं. त्याचं गाठोडं दरवर्षी पहिलं असतं म्हणून जागा मोकळी ठेवलेली होती.

तो उपदेशाला उभा राहिला. मोबाईलची नक्कल केली, लोक हसले. गाडीची केली, साहेबाची केली. मग ते नेहमीचं वाक्य आलं. ज्याच्यासाठी तुम्ही बाकी सगळं बाजूला सारता, तो म्हणाला, ज्याच्या धाकानं घर उठतं आणि बसतं. पुढचं वाक्य त्याच्या जिभेवर होतं, दरवर्षीचं, पाठ असलेलं, आणि ते बाहेर येईना. लोकांना वाटलं, हीही एक नक्कलच. कुणीतरी हसलंसुद्धा. तेवढ्यात पुढच्या रांगेतली सुंदरबाई, जिनं टीनाला तान्हेपणी मांडीवर घेतलं होतं, काळजीनं म्हणाली, "भाऊ, टीना काहून नाई येत? लय दिवस झाले, तिचं गानं आयकाले नाई भेटलं."

सेवकरामनं सगळ्यांकडे पाहिलं.

"हा तांदूळ पहिला नाई," तो म्हणाला. "पहिला मी दुसऱ्या ठिकानी वाहिला."

त्यानं मेजावरचं गाठोडं उचललं, छातीशी धरलं आणि मधल्या वाटेनं बाहेर पडला. पास्टर मनिष हाका मारत दारापर्यंत आले. तो थांबला नाही. पुलावर येईपर्यंत तो प्रार्थना करत होता, पण ती प्रार्थना म्हणजे नुसतं नाव होतं, आणि ते नाव प्रभूचं आहे का टीनाचं, हेही त्याला नीट कळत नव्हतं.

७

भर दुपारी तो बूट घालूनच घरात शिरला. बुटांचा आवाज त्या घरात फार मोठा झाला. उषा सतरंजीवरून उठली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. टेस्ट चालू आहे, ती खुणेनं म्हणाली, आणि तो थांबत नाही असं दिसल्यावर तिनं हात जोडले. त्यानं तिचे खांदे धरून तिला बाजूला केलं. ती इतकी हलकी झाली होती की त्याचं त्यालाच नवल वाटलं. दाराची मूठ सहज फिरली. त्या आतल्या दाराला कधी कडीच नव्हती.

खोलीत धूळ नव्हती, जाळं नव्हतं. बंद हवेला वास नव्हता. माणूस राहतं तिथं असतो तो कसलाच वास नव्हता. टेबलदिवा जळत होता. टीना पाठमोरी, ताठ, खुर्चीत बसलेली होती. केस नीट विंचरलेले, अंगात निळा स्वेटर. तो वळसा घालून तिच्या पुढं गेला.

चेहरा तिचाच होता, आणि सुंदर होता. थकवा नाही, काळजी नाही, गालावरचा लहानपणचा व्रणही नाही. डोळे उघडे, समोरच्या पानावर. तो किती वेळ वाट बघत उभा राहिला, पण त्या डोळ्यांची उघडझाप झाली नाही. टेबलावर रांगेनं मांडलेले होते कुणाकुणाचे पेन, पट्ट्या, एक कंपासपेटी. भैय्यालाल एकटाच आला नव्हता तर.

तो गुडघ्यांवर बसला आणि त्यानं तिचं मनगट धरलं. गार होतं. भीतीनं त्यानं जरा जोरात दाबलं, आणि अंगठा उचलला तरी तिथला खळगा तसाच राहिला. सूज असेल. बसून बसून सूज येते, त्याच्या मनानं सांगितलं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा त्या मनाला गप्प केलं.

"टीना," तो म्हणाला, "ऊठ बेटा. नको हे. तुया अभ्यास नको, मार्क नको, डॉक्टरकी नको. मले तुयाकडून काईच नको. मी चुकलो. तू फक्त तलावावर जाऊन ये."

तो रडत होता. तो असं कधी बोलला नव्हता, आणि बोलताना त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. त्याच्या बोटांखाली काहीतरी बदललं. गारवा कमी झाला. मनगटावरचा खळगा, तो बघत असताना, हळूहळू भरून आला. टीनाच्या पापण्या एकदा मिटल्या आणि उघडल्या. बुबुळं फिरली, कष्टानं, आणि त्याच्यावर येऊन थांबली. ओठ सुकून चिकटले होते, ते सुटायला वेळ लागला. आवाज आला तो तिचा होता, खरखरीत, बारीक. दारात उभ्या असलेल्या उषाचे ओठ हलले नव्हते. त्यानं वळून पाहिलं होतं.

"बाबा," टीना म्हणाली, "मी नापास झाली तं?"

तरी चालते. एवढेच दोन शब्द होते. ते त्याच्या तोंडात तयारही होते. पण ते बाहेर पडायच्या आधी, पापणी लवायला लागतो तेवढ्याच वेळात, त्याला फाटकावर लावायची पाटी दिसली, टीनाचं नाव आणि नावाच्या आधी डॉक्टर, आणि पाटीसमोर थांबून वाचणारे लोक दिसले. त्यानं श्वास घेतला. बस, तेवढाच.

टीना त्याच्याकडे बघत होती. तिनं ते पाहिलं.

तिच्या नजरेतून काय गेलं ते त्याला सांगता येणार नाही. डोळे तेच राहिले, उघडेच राहिले, फक्त आता ते त्याच्याकडे नव्हते. मनगट त्याच्या मुठीत आधी गार झालं, मग जड झालं, मग टणक.

"तरी चालते," तो म्हणाला. "तरी चालते, बेटा. तरी चालते." तो म्हणतच राहिला. तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून, पावलं कवटाळून, घसा बसेपर्यंत तेच तेच म्हणत राहिला. आता त्यात कुठलीच पाटी नव्हती, आता ते पुरतं खरं होतं. वरून काही आलं नाही. टेबलावर पान उलटलं.

उषा कधी आत आली त्याला कळलं नाही. ती त्याच्या मागं गुडघे टेकून बसली, तिनं डोक्यावर पदर घेतला आणि तो थांबायची वाट बघत राहिली. बऱ्याच वेळानं त्याचा आवाज संपला, तेव्हा ती हळूच, मनापासून म्हणाली, "आमेन."